उलाळ

"हवा भरली, झालं! आता जोडा जीपला आणि निघूया," मी ओरडलो.

तातू मेतरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रेलरच्या उजव्या चाकाशी ते उकिडवे बसले होते. चाकाच्या मधोमध पत्र्याची टोपी असते, तिच्या कडेने त्यांनी नख फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "मिस्त्री, चाक उघड."

"तातू, वेळ नाही."

"चाक उघड."

सकाळचे साडेसात वाजले होते. देवबागच्या खाडीकाठी त्यांची शेड, शेडमध्ये त्यांची बावीस फुटी फायबरची होडी आणि होडीखाली हा ट्रेलर. मे महिन्याच्या शेवटी होडी पाण्याबाहेर काढली, तेव्हापासून तो तिथेच उभा होता. एरवी त्याचं काम काय, तर शेडपासून उतारापर्यंत दोनशे पावलं जायचं, होडीसकट खाऱ्या पाण्यात शिरायचं आणि रिकामं परत यायचं. त्या ट्रेलरला आज आंबोली घाट चढून सव्वादोनशे किलोमीटर जायचं होतं, कारण कृष्णेला पूर आला होता आणि कोथळवाडीत माझी आई एकटी अडकली होती.

मी मूळचा तिथला. रावसाहेब चौगुले, पण साहेब कुणी म्हणत नाही. गावात रावसो आणि देवबागला मिस्त्री. सहा वर्षं मी इथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होतो. गाव खाली करायला ट्रॅक्टर आला तेव्हा सगळे चढले, आई चढली नाही. ट्रॉलीत म्हशीला जागा नव्हती आणि चंद्रीला दाव्याला बांधून जाणारी माझी आई नव्हे. शाळेच्या गच्चीवर आणखी तीस-चाळीस जण मागे राहिले होते. सरकारी बोटी फिरत होत्या, पण बुडालेली गावं त्यांच्या हिशेबापेक्षा जास्त होती. आदल्या संध्याकाळी मी तातूंच्या दारात जाऊन नुसता उभा राहिलो. काय बोलायचं ते सुचेना. तातू जेवत होते. हात धुवून उठले आणि एवढंच म्हणाले, "सकाळी ये. होडी घेवन जावया."

आणि सकाळी हाच माणूस चाकाशी बसून राहिला होता.

"हवा धरतेय," मी म्हणालो. "चाक फिरतंय. बघा, फिरवून दाखवतो."

"ह्यो ट्रेलर मिठात वाढलो हा," तातू म्हणाले. "ह्या काम दुसऱ्या कोणाचा असता, तर तू चाक उघडल्याशिवाय सोडलं असतंस काय?"

मी पाना हातात घेतला. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. इथे सोनार मी होतो आणि कानही माझाच होता. सहा वर्षं मी सगळ्या किनाऱ्याला सांगत आलो होतो की बाबांनो, खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या चाकाचं बेअरिंग बाहेरून कळत नाही, उघडून बघा.

"घाटात चाक सुटला तर होडी दरीत, माझा चेडू दरीत," तातू उठत म्हणाले. "मगे तुझ्या आवशीक कोण आणतलो?"

त्यांचं चेडू म्हणजे मुलगी वैजयंती, वैजू, तिशीची. पर्यटकांना ने-आण करणारी जीप तीच चालवायची. ट्रेलर जोडलेली गाडी उलटी घेण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. जीपच्या मागच्या हुकाला तेल घालता घालता ती म्हणाली, "बाबा, नारळी पुनव अजून होवची आसा. आधीच होडी पाण्यात घातली तर लोक काय म्हणतीत?"

"ता दर्याक," तातू म्हणाले. "नदीक कसली पुनव?"

म्हणाले खरे, पण मी जॅक लावत असताना ते घरात गेले, एक नारळ घेऊन आले आणि होडीच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूने, कापडात बांधून ठेवला. नियम मोडायचा तर निदान तोंडदेखलं काहीतरी करून मोडावा, असं त्यांच्या मनात असावं.

मी टोपी उडवली. आतली पिन गंजून नटाशी एकजीव झाली होती. ती काढण्यात वीस मिनिटं गेली, तेवढ्यात मी दोनदा बोट सोलून घेतलं आणि ट्रेलर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चाक बाहेर आलं तेव्हा तातू वाकून बघत होते. आत ग्रीस नव्हतंच. होतं ते दुधाळ चहाच्या रंगाचं पातळ काहीतरी, आणि बेअरिंगच्या रोळ्या खडबडीत, तपकिरी. त्या चाकाने सावंतवाडी गाठली असती. घाट गाठला नसता.

तातूंनी ते बेअरिंग उचलून माझ्या पेटीवर ठेवलं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. आईचा होता. हात ग्रीसने भरलेले, म्हणून वैजूने फोन काढून माझ्या कानाला लावला.

"आई, पाणी कुटं आलंय?"

"आरं, मी बसलोय की पायरीवर," आई म्हणाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारख्या. "कालच्यापरास चार बोटं उतरलंय बघ."

"खरं सांग."

"खोटं कशाला सांगू? तू गडबड करू नगंस. गाडी नीट बघून निघ."

"बॅटरी किती हाय?"

"एक दांडी दिसतीया. ठेवतो आता. भाकरी खाल्लीस का?"

फोन बंद झाला. मी तसाच गुडघ्यावर बसून राहिलो. चार बोटं का होईना, उतरलं होतं. वैजूने विचारलं, "आई काय म्हणता?" मी म्हणालो, "भाकरी खाल्लीस का विचारते." ती हसली, आणि आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा मीही हसलो.

मग मी नीट काम केलं. माझ्या पेटीत बेअरिंगचा एक जोड होता, तो उजवीकडे बसवला. डावीकडचं उघडलं, ते बरं निघालं. रॉकेलने धुवून, तळहातावर ग्रीस घेऊन रोळीरोळीत दाबून भरलं. नवीन पिना घातल्या. मागच्या दिव्यांची तार उंदरांनी खाल्ली होती, ती जोडली. जीपचं जादा चाक ट्रेलरला बसतं का ते लावून पाहिलं. हुक निसटलाच तर म्हणून दांड्यापासून जीपपर्यंत साखळी घातली. हे सगळं करताना दर पाच मिनिटांनी माझी नजर घड्याळाकडे जात होती, पण हात घाई करत नव्हते. आईने सांगितलं होतं ना, नीट बघून निघ.

होडी भरायचं काम तातूंचं. त्यात कुणी बोट घातलेलं त्यांना खपत नसे. इंजिन मागच्या फळीवर लागलेलंच होतं. पेट्रोलचे चार कॅन त्यांनी इंजिनाशी ठेवले. नांगर मागे, दोरखंड मागे, लाइफ जॅकेटांची दोन पोती मागे, पाण्याचा ड्रम मागे. पुढे फक्त तो नारळ.

"एवढं सगळं मागे?" वैजूने एकदा विचारलं.

"होडयेचा नाक हलका व्हया," तातू म्हणाले. "लाट इली की वर उठाक व्हया. चाळीस वर्सा ह्याच करतंय."

चाळीस वर्षं ज्याने एकही माणूस पाण्याला दिला नाही, त्याला भार कुठे ठेवायचा हे कोण शिकवणार? मी तर नाहीच. मी पट्टे आवळले आणि जीपमध्ये बसलो. अकरा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

अरुंद रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. कुडाळच्या रस्त्याला लागलो, पुढे सरळ उतार आणि खाली पूल दिसला, तेव्हा वैजूने वेग घेतला. काटा पन्नासच्या पुढे गेला आणि जीपची पाठ कुणीतरी धरून हलवावी तशी हलली. पहिल्यांदा वाटलं वारा आहे. मग पुन्हा हलली, आणखी जोरात. आरशात पाहिलं तर होडी रस्त्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत झोके घेत होती, आणि पुलावरून एसटी येत होती.

"ब्रेक मारू नको!" मी किंचाळलो.

वैजूने ब्रेक मारला नाही. पाय फक्त उचलला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. एसटीचा हॉर्न, लाल पत्रा, ड्रायव्हरचा उघडा जबडा, सगळं माझ्या खिडकीजवळून गेलं. होडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली असेल. मग झोके कमी होत होत थांबले. वैजूने जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"चाकच असणार," मी म्हणालो आणि खाली उडी मारली.

चाकांच्या मधले हब थंड होते. चाक हलवून पाहिलं, तसूभर खेळ नव्हता. हवा सारखी. पट्टे घट्ट. तातूंनी दुसऱ्या बाजूचं चाक पाहिलं. "चाक तर बरा आसा," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

"माका काय ठाऊक? मी दर्यावरचो माणूस."

मी रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागलो. इथे सगळं पुन्हा उघडायचं, तर आणखी दीड तास. न उघडता जायचं, तर घाट. माझं डोकं फिरलं. "हळू जाऊ," मी म्हणालो. "तीसने जाऊ. घाटात एवढा वेग येतो कुठे? चला, बसा."

"घाटाच्या फुडे उतार नाय?" वैजूने विचारलं.

"मी चालवतो! दे चावी!"

"नाय देवचंय," वैजू शांतपणे म्हणाली आणि चावी मुठीत धरली. मला तिचा इतका राग आला की आजही आठवला तर लाज वाटते. माझी आई तिकडे पाण्यात आणि ही इथे चावी लपवते, असं काहीतरी मी बोललोही. तातूंनी ऐकून घेतलं. ते मध्ये पडले नाहीत.

साडेअकराला मी आईला फोन लावला. का लावला ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तिने "ये लवकर" म्हणावं आणि ते ऐकून वैजूने चावी द्यावी, असं मनात असेल. बरीच रिंग वाजल्यावर तिने उचलला.

"निघालास?"

"निघालोय. आजून कुडाळच्या अलीकडंच हाय."

"मग आवाज असा का तुजा?"

"गाडीनं तरास द्यायला सुरू केलंय, आई. मागं होडी जोडलीया, ती शेपूट हलवाय लागलीया. जीपलाच वडतीया हिकडं तिकडं. चाकं बगितली, चाकं बरी हायती."

मग आईने विचारलं, "होडीत भार हाय?"

"हाय की. इंजिन, पेट्रोल, नांगर."

"कुटं ठेवलाय?"

"मागं. समुद्रात मागंच ठेवत्यात."

"समुद्र ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "रावसो, उलाळ केलीस व्हय रं गाडी?"

हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, गाडी बैलांच्या हातात राहत नाही. तिला म्हणतात गाडी उलाळ झाली. मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी ऊस भरला होता. कारखान्याच्या फाटकावर रांग लागायच्या आत पोहोचायचं होतं. आईने म्हटलं, मोळ्या मागे गेल्यात, भार पुढे घ्या. ते म्हणाले, वाटेत बघू. चढावर मोळ्या आणखी सरकल्या, जू उचललं, बैलांच्या माना आवळल्या. जू खाली आणायला बाबा दांडीला लोंबकळले, तेवढ्यात शिवळा, जुवाच्या खुंट्या, मोडल्या, बैल सुटले आणि गाडी बाबांना घेऊन उताराला लागली. त्यानंतर आमच्याकडे बैलगाडी राहिली नाही, आणि मी मोठा झाल्यावर गावातही राहिलो नाही.

फोनमध्ये चंद्री हंबरली. लांबलचक, घशातून ओढून काढल्यासारखी.

"ती का वरडतीया?"

"वैरण मागतीया, दुसरं काय. ऐक. भार म्होरं घे. जुवावर भार पायजे. आणि गडबड करू नगंस, हिकडं पाणी उतराय लागलंय. ऐकलंस न्हवं? भार म्होरं..."

आवाज गेला. मी पुन्हा लावला, तर फोन बंद आहे असं सांगणारी बाई बोलली.

मी तातूंसमोर जाऊन उभा राहिलो. "सगळं सामान पुढे घ्यायचं. इंजिनसुद्धा काढायचं."

"इंजिन?" तातूंच्या कपाळावर आठी पडली. "कोणी सांगल्यान?"

"आईने."

"तुझी आवस होडी चालयता?"

"नाही. तिने गाडी भरलीय. बैलगाडी."

तातू रागावतील असं वाटलं. चाळीस वर्षं होडी हाकणाऱ्या तांडेलाला एक म्हातारी फोनवरून भार कुठे ठेवायचा ते सांगते, आणि तीही घाटावरची! त्यांचा जबडा हललासुद्धा. मी वाद घातला नाही. खाली वाकलो, हुकाचा खटका काढला. त्याबरोबर ट्रेलरचा लोखंडी दांडा आपला आपण वर आला आणि छातीइतक्या उंचीवर तरंगत राहिला.

तातूंनी तो पाहिला. पुढे येऊन दोन बोटं त्यावर ठेवली, दाबली. दांडा खाली गेला. बोटं उचलली, दांडा वर आला. त्यांनी पुन्हा तसंच केलं, डोळे बारीक करून, हाताला काय लागतंय ते तपासत. सुकाणूवर हात ठेवतानाही ते असेच बघत असत.

"म्हणजे जमिनीर सगळा उलटा," शेवटी ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना सांगावं लागलं नाही. पाऊणशे किलोचं इंजिन आम्ही तिघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून मागच्या फळीवरून सोडवलं आणि होडीच्या पुढच्या भागात जुन्या टायरवर आडवं निजवून बांधलं. कॅन पुढे आले, नांगर पुढे आला, पोती पुढे आली. ड्रम रिकामा केला. पट्टे ढिले करून होडीच फूटभर पुढे ओढली. आता दांडा हुकावर चढवायला दोघांना कण्हावं लागलं. जीपची पाठ किंचित खाली बसली. नारळ एवढा वेळ एकटाच पुढे होता, त्याला आता सोबत मिळाली.

वैजूने जीप सुरू केली. त्याच उतारावर, त्याच पुलाकडे तिने काटा पन्नासवर नेला. आम्ही तिघंही आरशात बघत होतो. होडी जीपच्या मागे दावणीच्या गाईसारखी निमूट येत होती. मघाशी बोललो त्याबद्दल मी वैजूला काहीतरी म्हणणार होतो, पण तीच म्हणाली, "मिस्त्री, टायरांवर लक्ष ठेव." एवढ्यावर तो विषय तिने मिटवला.

आंबोलीच्या वळणांवर धुकं इतकं होतं की समोरचा दगडी कठडा फक्त दोन हातांवर आला की दिसायचा. तीन ठिकाणी दरड खाली आलेली, एका बाजूने वाट मोकळी केलेली. एका वळणावर आम्हाला चढावरच थांबावं लागलं. होडी मागे ओढत होती, जीप पुढे, मधे तो दांडा. तिथे मला बाबांची गाडी दिसली. मी डोळे मिटून घेतले. वैजूने क्लच सोडला, चाकं एकदा घसरली, मग धरली आणि आम्ही वर निघालो. दर तासाला थांबून मी हबवर हात ठेवायचो. कोमट लागायचे, भाजायचे नाहीत. आजरा गेलं, गडहिंग्लज गेलं. निपाणीच्या पुढे दोनदा रस्ता बदलावा लागला. संध्याकाळी सहा वाजता एका गावाबाहेर डांबरी रस्ता सरळ पाण्यात शिरला. दोन्हीकडे उसाचे फक्त शेंडे दिसत होते.

वैजूने ट्रेलर उलटा घेतला, तिच्या त्या हाताने, एका फेरीत. होडी तरंगली तशी तातूंनी आत उडी मारली. "आता माझो कायदो," ते म्हणाले आणि सगळं सामान परत मागे न्यायला लागले. वैजू जीप कोरड्या रस्त्यावर लावून आली आणि तिघांनी मिळून इंजिन फळीवर चढवलं. पहिल्याच ओढीला सुरू झालं.

उजेड अजून होता. विजेच्या खांबांच्या रांगेवरून मी रस्ता सांगत होतो. शाळेच्या गच्चीवरच्या लोकांनी आम्हाला पाहून आरडाओरडा केला, पण आम्ही जवळ गेलो तेव्हा तेच म्हणाले, "आदी चौगुल्याच्या म्हातारीकडं जावा. ती एकटी हाय. दुपारपास्नं हाका मारतोय, ओ देत न्हाई."

पाणी उतरत होतं ना? पायरीवर बसली होती ना?

आमची गल्ली ओळखू येईना. मग चिंच दिसली, आणि चिंचेच्या शेजारी कौलांचा एक त्रिकोण. घराचा पाख्यापर्यंतचा सगळा भाग पाण्याखाली होता. त्रिकोणाच्या माथ्यावर पोत्याची खोळ पांघरून कुणीतरी बसलं होतं. दोन कौलं काढून आत आढ्याला दावं बांधलेलं, त्याचं दुसरं टोक कमरेला.

तातूंनी होडी अलगद कौलांना लावली. मी चढलो. आईचे ओठ काळेनिळे पडले होते, हातापायांची कातडी सुरकुतलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून खाली होडीकडे.

"भार म्होरं घेतला हुतास न्हवं?" ती म्हणाली.

"घेतला."

"मग झ्याक."

मी तिच्या कमरेची गाठ सोडायला लागलो. ओली गाठ सुटेना. दाव्याचं सैल टोक हातात आलं. ते विळ्याने कापलेलं होतं.

"चंद्री कुठाय?"

"सोडली. गळ्याला पाणी लागलं हुतं तिच्या. हितनं कडंला सरकून, वाकून दावं कापलं. पवली आसंल तर पवली."

"कधी?"

"तुजा फोन चालू हुता तवाच की."

माझे हात थांबले. कानात ते हंबरणं पुन्हा ऐकू आलं. साडेअकरा वाजले होते तेव्हा. मी रस्त्याच्या कडेला चावीसाठी भांडून आलो होतो आणि ही इथे या कौलांवर बसून मला विचारत होती, होडीत भार हाय? कुठं ठेवलाय?

"सकाळी पायरीवर बसलोय म्हणालीस."

"पायरी राती बुडाली."

"आणि पाणी उतरलंय म्हणालीस. दोनदा म्हणालीस."

"मग काय सांगू?" आई चिडली. तेवढ्या अवस्थेतही चिडली. "कौलावर बसलोय म्हणून सांगू? ते ऐकून तू चाकं उघडली आस्तीस? तशीच उलाळ गाडी घेऊन घाट चढला आस्तास. गडबडीत एक माणूस दिलाय मी. मी गेलो आस्तो तर एकटा गेलो आस्तो."

मला रडू आलं. गाठ सोडता सोडता मी रडत होतो आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. ग्रीस अजून नखांत होतं. तिने माझं बोट धरलं, सोललेलं, आणि पोत्याच्या कोपऱ्याने पुसलं. शेवटी वैजूने खालून कोयती दिली, मी दावं कापलं आणि आईला उचलून होडीत उतरवलं.

होडीत पाय टेकताच ती कुणाला न विचारता, कडेला धरत धरत पुढे गेली आणि अगदी टोकाला, त्या नारळाशेजारी, पाय पोटाशी घेऊन बसली. आता सगळा भार मागे आणि माणूस नाकावर. तातूंच्या होडीत नाकावर बसायची परवानगी कुणाला नव्हती. पर्यटकांनाच काय, त्यांनी एकदा सख्ख्या जावयाला तिथून उठवलं होतं.

वैजूने बापाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"भार म्होरं आसू दे," आई थरथरत म्हणाली.

तातूंनी इंजिनाच्या दांडीवर हात ठेवला.

"बस गे बाय," ते म्हणाले. "बस थंयच."

मग ते स्वतः उठून हातभर मागे सरकले, पेट्रोलचा एक कॅन पायाने आणखी मागे ढकलला आणि होडी शाळेकडे वळवली.